हात लावू नये म्हणे!

यंदाच्या यात्रेला हिंजवडीत नोकरी करणारा माझा एक वर्गमित्र आमच्या गावी, राजुरीला आला होता. पालखी देवळात परतल्यावर तो चहाला घरी आला आणि माझ्या संगणकावर ‘स्टारफील्ड’ चालू असलेला पाहून सरसावून बसला. अवकाशात हिंडायचं, ग्रह धुंडाळायचे, माणसं जोडायची नाहीतर तोडायची, असा तो भूमिका घेऊन खेळायचा खेळ. त्यानेही तो खेळलेला. पण मी यानातल्या सामानाची यादी उघडली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“हे असं नव्हतं.”

“नव्हतंच. मॉड टाकलाय.”

त्यावर त्याने जो चेहरा केला, तो मी पूर्वी एकदाच पाहिला होता. कुठल्याशा पाहुण्याने आमरसात दूध ओतलं तेव्हा आमच्या आजोबांनी केलेला. “अरे, शेकडो माणसं वर्षानुवर्षं खपून एक गोष्ट तयार करतात आणि तू इथे बसून तिच्यात बोटं घालतोस?” इथून जे सुरू झालं ते कोंबडं आरवेपर्यंत चाललं. त्या रात्री मला अर्धीच उत्तरं सुचली. उरलेली पुढच्या आठवड्यात कांद्याला पाणी देताना सुचली. वीज रात्रपाळीची असली की बॅटरी घेऊन, बिबट्याच्या धाकाने मोठमोठ्याने बोलत दारं धरावी लागतात. त्यामुळे माझा युक्तिवाद अख्ख्या शिवाराने ऐकलेला आहे. ज्याने ऐकायला हवा होता तो मात्र तोवर पुण्याला पोचला होता. म्हणून हा लेख.

ज्यांना मॉड हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. विकत घेतलेल्या खेळाला खेळणाऱ्यांनीच तयार केलेली जोड म्हणजे मॉड. कधी ती चूक दुरुस्त करते, कधी पडदा वाचायला सोपा करते, कधी नवं कथानक घालते, तर कधी निव्वळ टवाळी म्हणून शत्रूच्या डोक्यावर पगडी चढवते.

आता मित्राचं म्हणणं, त्याच्यावर अन्याय न करता मांडतो. एक, खेळ ही कलाकृती आहे आणि कर्त्याने केली तशीच ती घ्यावी. दोन, खेळणारे फुकट दुरुस्ती करतात म्हणूनच कंपन्या अर्धकच्चा माल बाजारात आणायला सोकावतात. तीन, ‘हे पन्नास मॉड टाकाच’ अशा याद्यांच्या नादाने मूळ खेळ कोणी खेळतच नाही, खेळते ती गोधडी. चार, आणि हे तो चहाचा दुसरा कप संपवता संपवता म्हणाला, हा सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. यातलं तिसरं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे, दुसरं अर्धं मान्य आहे. पहिलं आणि चौथं मात्र मी बांधावर उभं राहून खोडून काढलेलं आहे.

पहिल्यापासून सुरुवात करू. मित्राच्या घराण्यात वारी आहे, त्यामुळे त्याने दाखला दिला तो थेट एकनाथ महाराजांचा. ज्ञानेश्वरीत लोकांनी मनाने ओव्या घुसडल्या होत्या, पाठ बिघडले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असं बजावलं. “तुझे मॉड म्हणजे त्या घुसडलेल्या ओव्या,” मित्र म्हणाला. दाखला वजनदार होता. आळ्याच्या रेड्याच्या समाधीपासून जवळ राहणारा माणूस ज्ञानेश्वरीच्या दाखल्यापुढे दोन मिनिटं तरी गप्प बसतोच. मीही बसलो.

पण नाथांचा राग कशावर होता? आपली ओवी ज्ञानदेवांच्या नावावर खपवण्यावर. मूळ कोणतं आणि भर कोणती हे वाचणाऱ्याला कळेनासं होतं, ते पाप. भर घालणं हेच पाप असतं तर सातशे श्लोकांच्या गीतेवर नऊ हजारांच्या घरात ओव्या रचणाऱ्या ज्ञानदेवांना आपण काय म्हणालो असतो? आणि खुद्द नाथांचं भावार्थ रामायण घ्या. युद्धकांड अपुरं असताना नाथांनी देह ठेवला आणि पुढचा भाग त्यांच्या गावबा या शिष्याने पुरा केला, असं परंपरा सांगते. गावबाचं नाव परंपरेने लपवलं नाही आणि त्याला घुसखोरही म्हटलं नाही. प्रक्षेप वेगळा, पूर्ती वेगळी. मी ज्या मॉडांची शिफारस करतो ते गावबाच्या जातीचे आहेत. (तुलना तेवढ्यापुरतीच. संगणकावरचा खेळ मी देव्हाऱ्यात ठेवलेला नाही.)

अवकाशातल्या खेळांच्या दुनियेत गावबाचं काम झालेलं आहे, तेही नाव-गावासकट. २००३ मध्ये बायोवेअर या कंपनीने ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ हा स्टार वॉर्सच्या विश्वातला खेळ काढला. तो गाजला. दुसरा भाग करायचं काम ऑब्सिडियन नावाच्या नव्या कंपनीकडे गेलं आणि २००४ च्या नाताळाच्या हंगामात तो दुकानात दिसलाच पाहिजे अशी घाई झाली. डिसेंबर २००४ मध्ये तो आला, पण शेवटाला तुटलेला. सोबत्यांच्या कथा मध्येच हवेत विरायच्या. खुनी यंत्रमानवांच्या ज्या कारखान्याचे धागे खेळभर विणलेले होते, तो कारखाना प्रत्यक्षात यायचाच नाही. शेवट तर असा, की कीर्तनकाराने उत्तररंग अर्ध्यावर सोडून थेट आरती धरावी.

गंमत पुढे आहे. कापलेल्या भागातले कितीतरी संवाद आधीच रेकॉर्ड झालेले होते आणि ते खेळाच्या फायलींमध्ये तसेच पडून होते. चाहत्यांनी ते शोधले, जुळवले, तुटलेले प्रसंग पुन्हा उभे केले, तो कारखानाही उभा केला. त्याचं नाव ‘रिस्टोर्ड कन्टेन्ट मॉड’. कित्येक वर्षं हे काम चाललं आणि तेही बिनपैशाचं. जुलै २०१५ मध्ये खेळाच्या अधिकृत सुधारित आवृत्तीबरोबर हा मॉड स्टीम या ऑनलाइन दुकानातूनच एका टिचकीवर मिळू लागला. आता माझ्या मित्राने सांगावं, यातली कर्त्याची कलाकृती कोणती? तारखेपायी कापलेली, की त्याच्याच आवाजांतून पुन्हा जुळवलेली? लेखकाची अर्धी वही छापखान्यात हरवली, आणि ती कोणी शोधून मागच्या पानांना जोडली, तर तिला आपण भेसळ म्हणत नाही.

दुसरा दाखला ‘मास इफेक्ट’चा. या मालिकेचा तिसरा भाग मार्च २०१२ मध्ये आला आणि त्याच्या शेवटावरून जगभर गहजब झाला. शंभर तास घेतलेले निर्णय शेवटच्या दहा मिनिटांत एका मापाने मोजले गेले, ही तक्रार. कर्त्याचा शब्द अंतिम असेल, तर कर्त्याने ठाम राहायला हवं होतं. पण बायोवेअरने त्याच वर्षी २६ जूनला शेवटाची वाढवलेली आवृत्ती स्वतःच फुकट वाटली. म्हणजे खेळ हे दगडात कोरलेलं लेणं नाही हे कर्त्यालाही मान्य आहे. लेण्याद्रीला जाऊन कोणी मूर्तीचं नाक बदलू लागलं तर मीही काठी घेऊन धावेन, कारण लेणं एकच असतं. खेळाची मूळ प्रत मात्र माझ्या मॉडनंतरही जशीच्या तशी राहते. माझ्या घरी बदललं ते माझ्यापुरतं.

तेही धड बदललेलं नसतं. मॉड ऑर्गनायझरसारखं साधन वापरलं तर प्रत्येक मॉड आपापल्या कप्प्यात राहतो आणि मूळ खेळाच्या फोल्डरला स्पर्शही होत नाही. खेळ चालू करताना सगळे एकमेकांवर पारदर्शक कागदासारखे ठेवले जातात. कागद उचलला की खाली मूळ पान जसंच्या तसं. नाथांनी ज्या गोष्टीवर आक्षेप घेतला, तिच्या नेमकी उलट अशी ही व्यवस्था आहे.

‘मास इफेक्ट ३’साठी सुखान्त करून देणारे मॉडही आहेत. मी ते वापरत नाही. मला तो शेवट गोडमिट्ट वाटतो, सासू-सुनेच्या मालिकेच्या शेवटच्या भागासारखा. पण शेजाऱ्याने वरणात साखर घातली म्हणून मी त्याच्या घरात शिरून पातेलं पालथं करत नाही. मित्राला मात्र नेमकं तेच करायचं आहे. आणि आजोबांचं म्हणाल, तर आमरसात दूध पाहून विटणारे आमचे आजोबा स्वतःच्या वाटीत तूप आणि मिरपूड घालूनच आमरस खात. तो मॉड त्यांच्या लेखी परंपरा होती.

‘मास इफेक्ट’ मालिकेतली आणखी एक गोष्ट या वादाला पुरून उरेल. पहिल्या भागाला २००९ मध्ये ‘पिनॅकल स्टेशन’ नावाची छोटी जोड निघाली होती. मे २०२१ मध्ये तिन्ही भागांची नवी ‘लेजेंडरी’ आवृत्ती आली तेव्हा ती त्यात नव्हती. मूळ सांकेतिक मजकूर खराब झाल्याने ती घेता येत नाही, असं कर्त्यांनीच सांगितलं. ती जोड फार थोर होती अशातला भाग नाही. पण ज्यांनी बनवली त्यांच्या हातून निसटलेली वस्तू मॉड करणाऱ्यांनी नव्या आवृत्तीत परत आणून बसवली. जतन करणाऱ्याला मोडतोड करणारा म्हणायचं असेल तर भांडारकर संस्थेत पोथ्या चिकटवणाऱ्यांनाही तेच म्हणावं लागेल.

आता दुसरं म्हणणं, आणि इथे मी मान अर्धी डोलावतो. खेळणारे दुरुस्ती करतात म्हणून कंपन्या शेफारतात का? ‘स्टारफील्ड’चंच पाहू. बेथेस्डा या कंपनीने तो ६ सप्टेंबर २०२३ रोजी आणला. हजारावर ग्रह, १२५ जीबीची जागा, जुनी हार्ड डिस्क चालणार नाही, एसएसडीच हवी अशी अट. आणि एवढ्या पसाऱ्यात शहरांचा नकाशा नाही! न्यू अटलांटिस नावाच्या राजधानीत दुकान शोधायचं तर बेल्ह्याच्या बैलबाजारात हरवलेल्या पोरासारखं भटकायचं. दृष्टीचा कोन कमीजास्त करायची साधी पट्टी नाही. सामानाच्या यादीत वजन, किंमत, मारक शक्ती एका नजरेत दिसत नाही. चित्र लहान काढून हुशारीने मोठं करण्याचं जे डीएलएसएस तंत्र एनव्हिडियाच्या कार्डांवर चालतं, तेही नाही. तेव्हा फक्त एएमडीचं तंत्र होतं.

मग काय झालं? सामानाची नीट यादी देणारा ‘स्टारयूआय’ मॉड आला. दृष्टीचा कोन बदलायची युक्ती आली. डीएलएसएस जोडून देणारा मॉड तर खेळ बाजारात येतायेताच हजर झाला. त्यानंतर, हे ‘त्यानंतर’ महत्त्वाचं, कंपनीने काय केलं? कोनाची पट्टी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिली. डीएलएसएस नोव्हेंबर २०२३ मध्ये दिलं. शहरांचे नकाशे मे २०२४ मध्ये दिले. मॉडमुळेच हे घडलं असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. एवढं मात्र म्हणतो, की एका माणसाने पाहता पाहता करून दाखवलेल्या गोष्टीबद्दल ‘जमणारं नव्हतं’ ही सबब कंपनीकडे उरली नाही. गावात रस्त्यावरचा खड्डा लोकांनी मुरूम टाकून बुजवला की ठेकेदार सुटतो, असं मित्र म्हणतो. माझा अनुभव वेगळा आहे. लोकांनी बुजवलेला खड्डा हाच ठेकेदाराविरुद्धचा पंचनामा ठरतो.

पण उरलेलं अर्धं खरं आहे आणि ते कडू आहे. दुसऱ्याच्या फुकट कष्टावर दुकान मांडायची सवय कंपन्यांना लागते. वर ज्या ‘रिस्टोर्ड कन्टेन्ट’ची आरती मी गायली, त्याचंच पुढचं प्रकरण ऐका. २०२२ मध्ये तो खेळ निन्टेन्डो स्विचवर आला तेव्हा हा मॉड त्यावर नंतर फुकट मिळेल अशी जाहिरात झाली. लोकांनी त्या भरवशावर खेळ घेतला. जून २०२३ मध्ये ‘तो आता येणार नाही’ असं कळवण्यात आलं आणि प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल २०१५ मध्ये ‘स्कायरिम’ या खेळाचे मॉड विकत देण्याचा घाट घातला गेला. त्यात मॉड करणाऱ्याच्या हातात किमतीचा चौथा हिस्सा पडणार होता, बाकीचं इतरांच्या खिशात. चार दिवसांत ओरड होऊन तो बेत गुंडाळावा लागला. आणि जून २०२४ मध्ये ‘स्टारफील्ड’मधलं बक्षीस लावलेल्या गुन्हेगाराच्या पाठलागाचं एक प्रकरण सात डॉलरना विकायला ठेवल्यावर पुन्हा बोंब झाली. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण काही अमेरिकेत जन्मली नाही, पण तिथे चपखल बसते.

यावर मित्राचं औषध काय? मॉड वापरूच नका. म्हणजे भेसळीच्या दुधाला विरोध म्हणून गाय विकून टाका. माझं औषध साधं आहे. खेळ आल्या दिवशी घेऊ नका. वर्षभर थांबा. तोवर कंपनी स्वतःच्या चुका काही अंशी निस्तरते, किंमत उतरते, मॉड स्थिरावतात. पैशाचा सूर कंपनीला मॉडच्या अभावापेक्षा लवकर ऐकू येतो. आणि एखाद्या मॉडकर्त्याला मदतीची पेटी ठेवायची असेल तर ठेवू द्या. तमाशात कलावंताला दौलतजादा मिळते तशी ती आपखुशीची असावी, तंबूच्या दारावरचं दुसरं तिकीट नसावी.

एक कबुली इथेच देऊन टाकतो. मॉड सगळं बरं करत नाहीत. ‘स्टारफील्ड’चे बहुतेक ग्रह गणिताने आपोआप घडवलेले आहेत. पाचव्या ग्रहावर उतरून एखादी ओसाड प्रयोगशाळा धुंडाळावी, तर तिसऱ्या ग्रहावरचीच प्रयोगशाळा, त्याच टेबलावर तीच चिठ्ठी. या ठिकाणांत विविधता आणणारे मॉड आहेत, ते थोडा दिलासा देतात. पण ज्या पात्राला बोलायलाच काही दिलेलं नाही त्याच्या तोंडी मॉड किती शब्द घालणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. ‘एवढे मॉड टाका, खेळ एकदम नवा होतो’ असं जे छातीठोक सांगतात, त्यांच्यावर माझा मित्राइतकाच राग आहे.

यावरून तिसरं म्हणणं: गोधडी. इथे मी जवळजवळ शरण आहे, कारण हा मार मी खाल्लेला आहे. सुरुवातीला एका ‘हे टाकाच’ यादीतले साठ-पासष्ट मॉड मी एका बैठकीत चढवले. ढग नवे, गवत नवं, चेहरे नवे, बंदुकांचे आवाज नवे. तीन रात्री खेळ झकास चालला. चौथ्या रात्री निऑन शहरात एका लिफ्टपाशी तो गोठला आणि तिथून पुढे कधी सरकलाच नाही. कोणता मॉड दोषी हे कळायला मार्ग नव्हता, कारण साठांपैकी एकही मी एकट्याने तपासून पाहिला नव्हता. रागाच्या भरात सगळंच उडवलं आणि १२५ जीबी पुन्हा उतरवत बसलो. आमच्याकडच्या इंटरनेटवर आणि आमच्याकडच्या विजेवर ते काम केवढं आहे हे हिंजवडीत बसून कळणार नाही.

दोष मॉडचा नव्हता, हावरटपणाचा होता. पंगतीत वाढप्याने पुढे केलं म्हणून सगळंच पानात घेणाऱ्याचं पोट बिघडलं, तर आपण आचाऱ्याला बोल लावत नाही. म्हणून आता माझी पद्धत सांगतो. ती यादी नाही, शिस्त आहे.

आधी दहा-पंधरा तास खेळ आहे तसा खेळा. काय खटकतं ते तुमचं तुम्हालाच कळू द्या. मग पहिला मॉड टाका तो चुका सुधारणारा. ‘स्टारफील्ड’साठी कम्युनिटी पॅच आहे, ‘मास इफेक्ट’च्या लेजेंडरी आवृत्तीसाठीही तसाच आहे. यात चव बदलत नाही, फक्त खडे निवडले जातात. दुसरा मॉड वाचनाचा, म्हणजे ‘स्टारयूआय’सारखा. तिसरा तुमच्या यंत्राच्या कुवतीचा. माझं कार्ड जुनं आहे. कमी तपशिलाची चित्रं घालणाऱ्या मॉडमुळेच खेळ माझ्याकडे हलतो. जुन्या यंत्रावर ‘कर्त्याच्या मनातला मूळ खेळ’ म्हणजे सेकंदाला पंधरा चित्रांचा रडका चलत्पट, हे मित्राने ध्यानात घ्यावं. इथे थांबा. नवं कथानक, नवी यानं, नवे ग्रह हे दुसऱ्या फेरीला. ‘ओल्ड रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात फक्त रिस्टोर्ड कन्टेन्ट टाका. एम४-७८ हा यंत्रमानवांचा कापलेला ग्रह परत आणणारा वेगळा मॉड आहे, तो पहिल्या खेपेला सोडा. काही गोष्टी कापल्या गेल्या ते बऱ्यासाठीच, हेही त्यातून कळतं.

एक मॉड चढवला की एक रात्र खेळून पाहा, मगच दुसरा. जतन केलेल्या खेळाची प्रत वेगळी ठेवा. चालू खेळातून मॉड मध्येच काढू नका, भिंतीतली वीट काढल्यासारखं होतं. कंपनीचा आपोआप येणारा बदल रोखून ठेवा, कारण खेळाची आवृत्ती बदलली की ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ या पूरक साधनावर उभे असलेले मॉड कोसळतात. एवढं पाळणाऱ्याची गोधडी होत नाही. सदऱ्याला बटण लावल्याइतकंच ते काम राहतं.

आता चौथं म्हणणं, ज्याने मला खरं डिवचलं. रिकामटेकड्यांचा उद्योग! मित्रा, दहावीच्या सुट्टीत आळेफाट्याच्या सायबर कॅफेत तू आणि मी तासाचे पैसे मोजून कोणता खेळ खेळत होतो? ‘काउंटर-स्ट्राइक’. तो १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळाचा मॉड म्हणून दोन तरुणांनी केला होता, कंपनीने तो नंतर विकत घेतला. आणि आपल्या तालुक्यातल्या झाडाझाडाखाली पोरं ज्या ‘पब्जी’त माना घालून बसायची, २ सप्टेंबर २०२० ला सरकारने बंदी घातली तेव्हा ज्याच्यासाठी घराघरांत सुतक पाळलं गेलं, त्याचं मूळ काय? ‘आर्मा २’ या लष्करी खेळाचा ‘डेझी’ हा मॉड, आणि त्या मॉडवर चढवलेला आणखी एक मॉड. एवढ्या मोठ्या खेळाचा पणजोबा कुणाच्या तरी मोकळ्या वेळेत जन्मला. मॉडला नावं ठेवणारा माणूस मॉडच्याच मांडीवर वाढलेला असतो, त्याला ते सांगितलेलं नसतं इतकंच.

आणि अवकाशाचं म्हणशील तर आपल्या तालुक्याने हा धडा खऱ्या आकाशाकडे पाहून गिरवलेला आहे. खोडदची जीएमआरटी दुर्बीण आपण दोघांनी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेच्या रांगेतून पाहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातून निघालेल्या. पत्र्याच्या भरीव ताटाऐवजी तारांची ताणलेली जाळी, म्हणजे वजन कमी, वारा आरपार, खर्च आटोक्यात. त्या तबकड्या आजही त्याच आहेत, पण त्यांच्या पोटातली यंत्रणा नंतर बदलली गेली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू यायचा, सुधारणेनंतर ४०० मेगाहर्ट्झपर्यंत येऊ लागला. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा क्षीण संदेश याच तबकड्यांनी पकडला. त्या सुधारणेवर कोणी ‘कर्त्याच्या कलाकृतीत बोटं घातली’ असं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. सांगाडा जपायचा आणि कान नवे बसवायचे, यालाच काम पुढे नेणं म्हणतात.

अंतराळ राहू दे, तुझ्या घरासमोरचा ट्रॅक्टर बघ. शोरूममधून आला त्याच आठवड्यात तो वेल्डरकडे गेला. पुढे बंपर, वर छत, मागे आपल्या ट्रॉलीच्या मापाचा हूक. कंपनीच्या अभियंत्याचा अपमान झाला म्हणून काकांना कोणी जाब विचारला नाही. आणि तुझी नोकरी तरी काय आहे? दुसऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या प्रणालीत बिघाड शोधायचा आणि ठिगळ लावायचं. महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन तू जे करतोस, तेच पगार न घेता कोणी केलं की तो रिकामटेकडा?

शेवटचं कारण मी त्या रात्री सांगितलं नव्हतं, लाज वाटली म्हणून. या खेळांना इंग्रजी येतं, फ्रेंच येतं, जर्मन, स्पॅनिश, जपानी येतं. मराठी येत नाही, आणि येण्याची चिन्हं नाहीत. बाजाराच्या हिशेबात आपण बसत नसू. मॉडच्या वाटेने मात्र कोणीही मराठी आत नेऊ शकतं. म्हणून मागच्या पावसाळ्यात मी ‘स्टारफील्ड’मधल्या नावांच्या फायली उघडल्या, माझ्या यानाचं इंग्रजी नाव पुसलं आणि तिथे ‘शिवनेरी’ लिहिलं. पडद्यावर नुसते चौकोन आले. देवनागरीचा फॉन्ट जोडला. चौकोन गेले आणि नाव उमटलं: ‘शविनेरी’.

पहिली वेलांटी आपण उच्चारतो अक्षरानंतर आणि लिहितो अक्षराआधी. संगणकाच्या साठ्यातही ती अक्षरानंतरच असते. पडद्यावर मांडताना तिला उचलून मागे नेणारी यंत्रणा लागते. ती यंत्रणा खेळाच्या पडद्याला माहीतच नव्हती. त्याने ‘श’ ठेवला, मग वेलांटी ठेवली, मग ‘व’, आणि वेलांटी बिचारी पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसली. जोडाक्षरांचं तर बोलायलाच नको, ती पाय मोडून रांगेत उभी होती. शिवजन्माच्या किल्ल्याचं नाव मिरवत माझं यान अख्ख्या आकाशगंगेत अशुद्धलेखनाचा झेंडा घेऊन फिरत आहे.

हे दुरुस्त करायला बेथेस्डा येणार नाही. तिच्या हिशेबात ही चूकच नाही, कारण तिने मराठी कधी देऊच केलं नव्हतं. कर्त्याने केलं तसंच घ्यावं हा तुझा नियम पाळला, तर ‘शविनेरी’सुद्धा नाही, आपल्याला कायम चौकोनच. मी बऱ्याच रात्री डोकं लावलं. वेलांटी मुळातच अक्षराआधी टाकून फसवाफसवी केली, तर ‘शिवनेरी’ नीट दिसतं, पण ‘क्षितिज’ फुटतं. यापुढचं माझ्या आवाक्यात नाही. अक्षरमांडणीचं हे काम तुझ्या ऑफिसात रोज चालतं, हे तूच एकदा सांगितलं होतंस.

तेव्हा पुढच्या यात्रेला येताना लॅपटॉप घेऊन ये. वाद तिथूनच पुढे चालू करू, चहा माझ्याकडे. पालखी देवळात गेली की बसू, आणि आधी त्या वेलांटीला तिच्या जागी नेऊ.